जीआर उना का? पत्र वेळेत गाठायचं आणि संधी पदरात पाडायची तर

"मॅडम, जीआर उना का?"

म्हणजे अहिराणीत, शासन निर्णय आला का? आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, हा प्रश्न नमस्काराच्या जागी विचारतात. शिक्षण परिषद असो, लग्नाची पंगत असो, नाहीतर पारोळ्याचं बसस्टँड. कुणाला बदलीचा जीआर हवा असतो, कुणाला चटोपाध्यायचा (वाढीव वेतनश्रेणीचा), आणि आताशा सगळ्यांनाच टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा. उत्तर देणाऱ्याच्या मोबाइलमध्ये एक पीडीएफ असतेच. चौथ्या ग्रुपवरून आलेली, कुणीतरी फोटो काढून अर्धी कापलेली.

मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २००६ साली तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेविका म्हणून लागले, तेव्हा केंद्रप्रमुख गाडीच्या डिकीतून पत्रं आणून द्यायचे. आता पत्र दहा मिनिटांत हातात पडतं, तरी संधी हुकायची ती हुकतेच, कारण पत्र पुढे पाठवणारे पुष्कळ आणि शेवटपर्यंत वाचणारे थोडे. मीही त्यातलीच होते. एकदा ग्रुपवर प्रशिक्षण नोंदणीचं पत्र आलं, 'शेवटचे दोन दिवस' असं वर कुणीतरी लिहिलेलं. घरी लेक तापाने फणफणलेली. तिला सासूबाईंकडे सोपवून, किरकोळ रजा टाकून, सेवापुस्तकाच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन मी एरंडोलमार्गे जळगाव गाठलं. टेबलावरच्या माणसाने कागद उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "ताई, हाई तं मांगला सालनं शे." म्हणजे पत्र गेल्या वर्षीचं. तारखेची ओळ ग्रुपवरच्या फोटोत कापली गेली होती. मी रसवंतीवर दोन ग्लास रस पिऊन परत आले.

त्या दिवसापासून एक नियम केला. ग्रुपवरचं पत्र म्हणजे फक्त कुणकुण. खरं पत्र आपण स्वतः काढायचं.

ते काढणं अवघड नाही. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' नावाचा विभाग आहे, तिथे विभाग आणि तारीख निवडली की यादी येते. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी अठरा आकडी संकेतांक छापलेला असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शिक्षकांच्या बदल्यांचा ७ एप्रिल २०२१ चा निर्णय घ्या, संकेतांक २०२१०४०७ ने सुरू होतो. शेवटचे दोन आकडे विभागाचे: शालेय शिक्षण २१, ग्रामविकास २०. ग्रुपवरच्या कागदावर संकेतांकच नसेल तर त्यावर विश्वास ठेवून एसटीचं तिकीट काढू नका. असेल तर तो शोधखिडकीत टाका. मूळ कागद निघाला नाही तर विषय संपला.

आता हे २० आणि २१ चं प्रकरण नव्या शिक्षकांना कुणी सांगत नाही. आपण जिल्हा परिषदेचे शिक्षक दोन घरचे पाहुणे. शिकवणं, अभ्यासक्रम, प्रशिक्षण, संचमान्यता (शाळेला किती शिक्षक ते ठरवणं) हे शालेय शिक्षण विभागाकडे, आणि बदली ग्रामविकासकडे. माझा एक सहकारी पूर्ण मे महिना बदलीचा निर्णय शालेय शिक्षणाच्या यादीत शोधत होता आणि 'काहीच निघालं नाही' म्हणून निवांत होता.

निर्णय उघडला की आधी 'वाचा' किंवा 'संदर्भ' बघायचं. तिथे जुन्या निर्णयांची यादी असते, म्हणजे हा नवा कागद कशावर बेतलाय ते कळतं. प्रस्तावना मी सोडून देते, तिथे दरवेळी तेच गोड गोड असतं. 'शासन निर्णय' या शब्दांखालचं मात्र दोनदा वाचते, हातात पेन्सिल घेऊन. 'राहील' कुठे आहे आणि 'राहू शकेल' कुठे आहे, यावर आपला पगार ठरतो. आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याच विषयाचं शुद्धिपत्रक आलंय का ते परत बघायचं. तारखा, अटी बऱ्याचदा तिथेच बदलतात आणि शुद्धिपत्रक ग्रुपवर कुणी टाकत नाही, त्यात गंमत नसते ना.

शासन निर्णयांशिवाय दोन ठिकाणं दर रविवारी चहा घेता घेता बघते. पहिलं, पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद: प्रशिक्षणं, स्पर्धा. दुसरं, पुण्याचीच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद: टीईटी आणि पोरांच्या शिष्यवृत्ती परीक्षा. अर्धा तास पुरतो. जिल्ह्याचं काही असेल तर ते डाएटकडून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून) येतंच, आणि विभागाचं नाशिकच्या उपसंचालक कार्यालयातून.

टीईटीचं सांगते, कारण सगळ्यात जास्त झोप तिनेच उडवलीय. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरलीय, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत सूट, पण पदोन्नती हवी असेल तर त्यांनाही टीईटी लागेल. आमच्याकडे यावर मोर्चे झाले, निवेदनं दिली, ते सगळं बरोबरच आहे. पण निवेदन देऊन घरी आल्यावर पुस्तक उघडायला काय हरकत?

पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० मिनिटं, चुकल्याला गुण कापत नाहीत. खुल्या वर्गाला ६० टक्के लागतात, म्हणजे ९० गुण. राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. एकदा उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये मी स्वतः बसले. शेजारच्या बाकावर माझ्याच हाताखाली चौथी शिकलेला पोरगा, डीएड झालेला. त्याने आधी वाकून नमस्कार केला, मग हळूच विचारलं, "बाई, तुम्ही बी?" दोघंही हसलो. पेपर सुरू झाल्यावर मात्र माझं हसू गेलं. वीस वर्षं पोरं सांभाळली, पण पियाजेच्या चार अवस्था क्रमाने लावताना पेन थांबला. म्हणून माझा सल्ला असा: गणित आणि परिसर अभ्यास आपण रोज शिकवतो, ते पाठ्यपुस्तकांवरून आठवड्याभरात ताजं होतं. वेळ द्यायचा तो बालमानसशास्त्राच्या ३० प्रश्नांना. आणि घड्याळ लावून निदान पाच जुने पेपर सोडवा. आपल्याला तपासायची सवय असते, सोडवायची गेलेली असते.

बायांसाठी एक वेगळं. माझं डीएडचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं आणि आधार सासरचं. अर्ज भरायला बसल्यावर हे आठवून उपयोग नाही. नावबदलाचं राजपत्र किंवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आधीच स्कॅन करून ठेवा. सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर अर्जात टाकू नका. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो लग्नाला गेलेला असतो.

चटोपाध्याय, म्हणजे कागदावरची वरिष्ठ वेतनश्रेणी, बारा वर्षांच्या सेवेनंतर. निवडश्रेणी चोवीस वर्षांनी. दोन्हीसाठी प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते प्रशिक्षण दरवर्षी ठरल्या वेळी निघेलच असं धरून चालू नका. बारा वर्षं ज्या महिन्यात भरतात तो महिना डायरीत लाल शाईने लिहून ठेवा. नोंदणी शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) आयडीवर होते, तेव्हा शालार्थमध्ये जन्मतारीख, रुजू दिनांक, मोबाइल बरोबर आहे का हे आजच मुख्याध्यापकांच्या लॉगिनवरून बघून घ्या.

आता मला आवडणारी गोष्ट. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद दरवर्षी शिक्षकांसाठी नवोपक्रम स्पर्धा घेते. पूर्व प्राथमिकपासून अधिकाऱ्यांपर्यंत वेगवेगळे गट असतात. आपल्याकडच्या शिक्षकांना वाटतं हे पुण्या-कोल्हापूरच्या लोकांचं काम. अहो, आपल्या वर्गात जे रोज घडतं ते तिकडे कुणाला सुचणारसुद्धा नाही. माझ्या दुसरीतली पोरं घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो: शाळेची शाया, फळ्याचा फया, डोळ्याचा डोया. श्रुतलेखनात तेच उतरायचं आणि मी लाल शाईने कापत बसायचे. एके दिवशी एका पोराने वही बघून विचारलं, "बाई, मन्ही माय शाया म्हंते, ती चुकी राह्यनी का?" मी पेन खाली ठेवला. मग भिंतीवर दोन रकाने केले, 'घरनं' आणि 'पुस्तकातलं'. पोरं घरून शब्द आणायची, आज्यांना विचारून. डाव्या रकान्यात शाया, उजव्यात शाळा. चूक कुणाचीच नाही, जागा वेगळी. आठ आठवड्यांत पोरांचं गाडं रुळावर आलं.

पण पहिल्या वर्षी अहवाल लिहायला बसले आणि हात रिकामे. सुरुवातीला किती पोरं चुकत होती? माहीत नाही. फोटो? भिंत पुसून टाकलेली. दुसऱ्या वर्षी उपक्रम सुरू करायच्या आधीच तारीख घालून श्रुतलेखन घेतलं, एकोणीस पोरांच्या वह्यांचे फोटो काढले. चौदा पोरं 'ळ' ला 'य' लिहीत होती. शेवटच्या श्रुतलेखनात तीन. परीक्षकाला हेच हवं असतं. अहवालाचे मथळे ठरलेले असतात: शीर्षक, गरज, उद्दिष्टे, नियोजन, कार्यपद्धती, यशस्विता, समारोप, परिशिष्टे. 'गरज' मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे उतारे घालू नका. त्या पोराचा प्रश्न घाला.

बाकीच्या संधी भराभर सांगते. राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराला स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा असतो, कुणी नाव सुचवायची वाट बघू नका. निदान दहा वर्षांची नियमित सेवा लागते, पन्नास हजार रुपये आणि रौप्यपदक मिळतं. राज्याचा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले पुरस्कार आहे, त्याच्या प्रस्तावाची फाइल जाड असते, सवडीने बांधा. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर 'निष्ठा' हे शिक्षक प्रशिक्षणाचे कोर्स आहेत. प्रमाणपत्रासाठी चाचणीत ७० टक्के लागतात, तेव्हा व्हिडिओ चालू ठेवून भाकरी थापणाऱ्यांनी चाचणी तरी नीट द्यावी. (मी थापल्यात.) राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षाला पन्नास तासांचा व्यावसायिक विकास सांगितलाय, त्यात हे तास मोजायला उपयोगी पडतात.

अर्ज कुठलाही असो, तो उचित मार्गाने जातो: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी. या वाटेवर कागद झोपतो. माझा एक प्रस्ताव एका टेबलाखाली पंचवीस दिवस झोपला होता, मुदत होती वीस दिवसांची. म्हणून पत्रात मुभा असेल तर वरच्या कार्यालयाला आगाऊ प्रत पाठवायची आणि तसा शेरा मूळ अर्जावर लिहायचा. प्रत्येक टप्प्यावर आपल्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. "ठेवून जा मॅडम, घेतो चढवून" असं कुणी म्हटलं तर तिथेच खुर्ची ओढून बसायचं. पाण्याची बाटली सोबत न्या. मे महिन्यात जळगावच्या कार्यालयात पंखा असतो, वारा नसतो.

आणि यूडायस कोड, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, पाठ करून टाका, दर अर्जात विचारतात. सुरुवात सोपी आहे: महाराष्ट्राचा २७, मग नंदुरबार ०१, धुळे ०२, जळगाव ०३. राज्याच्या यादीत आपले तीन जिल्हे सगळ्यात वर आहेत. निदान तिथे तरी.