पोरांसोबत हिवाळ्यात अंगणातले पक्षी कसे मोजायचे

नागपुरात उन्हाळ्यात पक्षी बघायचे तर पहाटे पाचला उठावं लागते, डिसेंबर-जानेवारीत तसं नाही. ऊन चढलं की पक्षी बाहेर पडतात, त्यामुळे रविवारी आठ-साडेआठला स्वेटर घालून बसलं तरी चालते. दुर्बीण नसली तरी काही अडत नाही.

आधी जागा पक्की करा. अंगण, गच्ची, बाल्कनी काहीही, पण दरवेळी तीच, आणि वेळपण तीच. अर्धा तास पुरतो, पोट्टं सहा-सात वर्षांचं असेल तर वीस मिनिटंही खूप झाली. काही दिवस आधीपासून मातीच्या पसरट थाळीत दोन बोटं पाणी ठेवा आणि ते रोज बदला. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी टाका, उरलेला चिवडा नको, मीठ असते त्यात.

मग ओळख. सगळं एकदम शिकवायला जाऊ नका. साळुंकी, बुलबुल, होला, सातभाई, दयाळ एवढे आधी येऊ द्या, मग थंडीचे खास. थिरथिरा म्हणजे या दिवसांतला पाहुणा, उत्तरेकडून येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. कंपाउंडच्या भिंतीवर बसतो, झटकन वाकतो आणि विटकरी शेपटी थरथरवतो, नावच त्यावरून पडलं, त्यामुळे पोरं हा विसरत नाहीत. जास्वंदीवरचा सूर्यपक्षी मात्र फसवतो. एरवी नर चमकदार निळा-काळा, पण थंडीच्या सुरुवातीला तो रंग उतरलेला असतो, दिसतो मादीसारखाच पिवळट, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. ती रेघ शोधायचं काम पोरांना द्या, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते.

आता मोजणी, खरी गडबड इथंच होते. समजा आधी तीन साळुंक्या आल्या, उडाल्या, मग पाच आल्या, मग दोन. पोरगा दहा म्हणेल. लिहायच्या पाच, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जितक्या दिसल्या तितक्या, कारण त्याच फिरून आल्या का दुसऱ्या हे कोणालाच सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये मुलांसाठी म्हणून बागेतली पक्षीगणना सुरू झाली, तिथंही हाच नियम आहे. वरून पोपटांचा थवा गेला तर तो वेगळा लिहा, अंगणात उतरला नाही ना तो. ओळखू न आलेल्याचं नाव ठोकून देऊ नका, "लहान, तपकिरी, एक" असं लिहिलं तरी बरोबर आहे. आणि काहीच आलं नाही तर शून्य लिहा बाप्पा, पान कोरं सोडू नका, नाहीतर नंतर वाटते त्या दिवशी कोणी बसलंच नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास मोजणीसोबत झाडांवरून लोंबणारा मांजा काढून टाका, नायलॉनवर बंदी असूनही सापडतोच. त्यात अडकलेला पक्षी दिसला तर पोरांना हात लावू देऊ नका, खोक्यात ठेवून सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्या.

फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, जगभरातले लोक कमीत कमी पंधरा मिनिटं मोजून ई-बर्ड या पक्षीनोंदीच्या वेबसाइटवर यादी टाकतात, फुकट आहे. अकाउंट आईबाबांनी काढायचं, आकडे पोरानं सांगायचे.