पहिल्या पावसात उघाडी उघडू नका

मे संपत आला की खाडीकाठच्या बहुतेक कोळंबी तलावांवर एकच चित्र दिसतं. पाणी हातभर खाली गेलेलं, क्षारता ३५-४० पीपीटीला (लिटरमागे तेवढे ग्रॅम मीठ) टेकलेली, व्हेनामी जातीची कोळंबी नव्वद-शंभर दिवसांची, आणि मालक बांधावर बसून आभाळाकडे बघतोय. वळवाची पहिली मोठी सर येते. खाडी गढूळ होऊन फुगते. हा गडी धावत जातो आणि उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराच्या, फळ्या काढतो. गोडं पाणी फुकट आलंय, तलाव भरून घेऊ, क्षारताही उतरेल.

मी अठरा वर्षं या बांधांवर फिरतोय. रोगानं गेलेले तलाव पाहिलेत, वीज जाऊन मेलेले पाहिलेत. पण हातातोंडाशी आलेलं पीक सगळ्यात जास्त वेळा गेलं ते या एका भरतीत. म्हणून यंदाही तेच सांगतोय. पहिल्या मोठ्या पावसानंतर खाडीचं पाणी थेट तलावात घेऊ नका. पाणी कमी असलं तरी नको, क्षारता चढली असली तरी नको, शेजाऱ्यानं घेतलं म्हणून तर मुळीच नको.

हे पाणी गोडं नाही, आठ महिन्यांचं धुवण आहे

ऑक्टोबरपासून मेपर्यंत गटारं, ओढे, नाले यांत जे साचतं ते पहिल्या पावसात एका रात्रीत खाडीत उतरतं. शहरांचं सांडपाणी आलंच. शिवाय कुंडलिकेच्या काठावर रोहा-धाटाव, सावित्रीच्या काठावर महाड, दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला लोटे-परशुराम, उत्तरेला तारापूर अशा रासायनिक वसाहती आपल्याच खाड्यांच्या डोक्यावर बसल्या आहेत. पावसाच्या अंधारात नाल्यांतून काय काय सुटतं, ते खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसांना वासावरून कळतं.

कारखाना जवळ नाही म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मंडळींनी निर्धास्त राहू नये. तुमच्या डोक्यावर आंब्याच्या बागा आहेत. मोहोरापासून फळ उतरेपर्यंत तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी केलेल्या फवारण्यांचा अंश पानांवर, मातीवर असतो, तो याच पावसात वाहून येतो. कोळंबी ही किड्यांची भावकी आहे. सायपरमेथ्रीनसारखी जी औषधं किडा मारतात ती कोळंबीला त्याहून कमी मात्रेत मारतात. अशा वेळी मासा जिवंत आणि कोळंबी मेलेली दिसते, आणि मालक व्हायरस म्हणून बसतो.

तिसरी गोष्ट तलावाच्या आतली. गोडं पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं. जड खारं पाणी तळाशी कोंडून राहतं आणि त्याला हवा मिळत नाही. तळाच्या काळ्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हाच. पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) उतरला की हा वायू जास्त विषारी होतो, आणि पावसाचं पाणी, जांभ्याच्या बांधावरून येणारं लाल पाणी पीएच उतरवतंच. म्हणजे वरून घाण, खालून विष, आणि मधे कोळंबी. त्यातच क्षारता एकदम घसरल्यावर ती कात टाकते आणि मऊ पडते. नेमक्या त्याच रात्री तिला सगळ्यात जास्त ऑक्सिजन लागतो.

अडकलेली फळी

एका खाडीवरच्या दोन तलावांची गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. एकाच मालकाचे, एकाच दिवशी बी सोडलेले, मधे फक्त एक बांध. पहिल्या पावसाच्या रात्री त्यानं दोन्ही उघाड्या उघडायला घेतल्या. एकीच्या फळ्या निघाल्या. दुसरीची वरची फळी पाण्यानं फुगून खाचेत घट्ट बसली होती, पहारीनंही हलली नाही. उद्या बघू म्हणून तो घरी गेला.

सकाळी सात वाजता मी पोचलो तेव्हा उघडलेल्या तलावात कोळंबी काठाला लागली होती. हातात घेतली तर उडी मारेना. कवचाखालून कल्ले काळपट तपकिरी दिसत होते, आतडं रिकामं. उघाडीच्या चौकटीवर बोटभर रुंदीची पिवळट साय सुकली होती, तिला फिनेलसारखा वास येत होता. बाहेरच्या चिखलात एकही निवटी (चिखलात उड्या मारणारा छोटा मासा) नव्हती आणि चिंबोऱ्या बांधावर चढल्या होत्या. दुपारपर्यंत तो तलाव गेला. फळी अडकलेला तलाव पुढे बारा दिवसांनी पकडला, माल चांगला निघाला. मालकाला औषधानं नाही, फुगलेल्या फळीनं वाचवलं.

तेव्हापासून निवटीकडे बघितल्याशिवाय पाणी घेऊ नका असं मी सांगतो. हे कुठल्या सरकारी पत्रकात नाही. पण उघाडीबाहेरच्या चिखलात ओहोटीला निवट्या उड्या मारत नसतील, किंवा चिंबोऱ्या पाणी सोडून वर येत असतील, तर त्या पाण्यात काहीतरी बिघडलंय एवढं नक्की. माझा दुसरा अंदाज असा, की पहिल्या मोठ्या पावसानंतरचं पहिलं उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) सोडून द्यावं. त्यापुढच्या उधाणाला, भरती पूर्ण चढल्यावर, शेवटच्या तासाभरात पाणी घ्यावं. तेव्हा समुद्राकडचं पाणी आत आलेलं असतं. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीत खाडीचंच पाणी मागेपुढे हलत राहतं, ते घेण्यात अर्थ नाही.

साठवण तळं रिकामं ठेवलंत का?

यावर प्रत्येक जण विचारतो, मग पाणी आणायचं कुठून? साठवण तळ्यातून. एकूण क्षेत्राच्या पाव भाग तरी त्यासाठी राखा, असं तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे होतं काय, तळं खणलं जातं, नकाशात दाखवलं जातं, आणि फेब्रुवारीत बी थोडं उरलं की तेही त्यातच सोडलं जातं. एवढी जागा फुकट कशाला ठेवायची? मग पहिल्या पावसात हातात पाणी नसतं आणि उघाडी उघडावी लागते. दुर्लक्ष झालं ते खरं फेब्रुवारीत, जूनमध्ये फक्त त्याचं बिल येतं.

ज्यांचं तळं मोकळं आहे त्यांनी आज, पाऊस यायच्या आधी, ते भरून घ्यावं. मान्सून मुंबईत पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण २०२५ साली तो २६ मेलाच आला होता, तेव्हा जूनच्या भरवशावर राहू नका.

पाणी ६० मेशच्या (इंचाला ६० भोकांच्या) दुहेरी जाळीच्या पिशवीतून घ्या. दोन-तीन दिवस गाळ बसू द्या. मग ३० ते ३५ टक्के क्लोरिनची ब्लीचिंग पावडर ६० पीपीएम, म्हणजे दर हजार घनमीटरला ६० किलो. वीस गुंठ्यांच्या तळ्यात मीटरभर पाणी असेल तर साधारण १२० किलो लागेल. संध्याकाळी टाका, तोंडाला फडका बांधा, प्लास्टिकची बादली वापरा. त्याच दिवशी चुना टाकू नका, पीएच चढला की क्लोरिनची ताकद जाते. त्यानंतर आठवडाभर उन्हात राहू द्या, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर चालवा. क्लोरिन उरलंय का ते बघायला ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस नळाच्या पाण्याची करतो तीच ओटी टेस्ट पुरते. पिवळं झालं तर थांबायचं.

एक मात्र पक्कं लक्षात घ्या. ब्लीचिंग जंतू मारतं, कारखान्याचं रसायन किंवा बागेचं औषध काढत नाही. अमोनियाच्या घाण पाण्यात क्लोरिन टाकलं तर क्लोरामाइन तयार होतं, ते स्वतःच विषारी असतं आणि लवकर जात नाही. म्हणून शेवटची परीक्षा दहा कोळंब्यांची. साठवण तळ्याचं पाणी टबात घ्या, तलावातल्या दहा कोळंब्या त्यात सोडा, हवेची नळी लावा, २४ तास बघा. क्षारतेत फार फरक असेल तर सोडण्याआधी थोडं थोडं पाणी मिसळून त्यांना सवय करा. दहाच्या दहा टवटवीत राहिल्या तरच पाणी तलावात. एक मेली तरी पुन्हा आठवडाभर थांबा.

दुकानदाराचे डबे

पाऊस लागला की मोटारसायकली बांधावर येतात. झिओलाइट, टॉक्सिन बाइंडर, ऑक्सिजनच्या गोळ्या, कसली कसली 'वॉटर कंडिशनर'. झिओलाइट गोड्या पाण्यात अमोनिया धरतं हे खरं, पण खाऱ्या पाण्यात सोडियमच त्याची जागा अडवतं, अमोनियाला फारशी शिल्लक राहत नाही. गोण्याच्या गोण्या टाकून तुम्ही तळाशी मातीच वाढवता. व्हायरसवर औषध नाही, कोणी देतो म्हणाला तरी नाही. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक्स कोळंबीत बंदी घातलेली आहेत. त्यांचा अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो आणि गावच्या सगळ्यांचाच भाव पडतो.

त्या पैशात क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, पीएच आणि अमोनियाचं किट घ्या, जनरेटरमध्ये डिझेल भरून ठेवा.

पाऊस लागण्याआधी

- बांधाच्या आतल्या उतारावर शेतीचा चुना पसरणे
- एरेटर, पट्टा, जनरेटर रात्री चालवून बघणे. माल ४००-५०० किलोमागे १ एचपी
- वरचं पाणी काढायला बाहेर सोडायच्या दाराच्या वरच्या फळ्या मोकळ्या करणे
- उघाडीच्या फळ्यांतल्या भेगा चिखल आणि ताडपत्रीनं बुजवणे
- माल विकण्याजोगा झाला असेल तर पकड अलीकडे घेणे

पाऊस पडत असताना आणि नंतर

- एरेटर अखंड
- वरचं गोडं पाणी वरच्या वर काढणे
- मुसळधारेत खाद्य बंद. उघडल्यावर अर्ध्यावरून सुरू, चेक ट्रे (खाद्य किती खाल्लं ते बघायची ताटली) बघून वाढवणे
- पीएच ७.५ च्या खाली गेला तर शेतीचा चुना एकरी ४० ते ८० किलो. भरल्या तलावात कळीचा चुना नको
- पहाटे ३ ते ६ विरघळलेला ऑक्सिजन मोजणे. ४ पीपीएमच्या खाली जाऊ न देणे
- क्षारता दिवसाला २-३ पीपीटीहून जास्त न उतरवणे
- मोजायचं पाणी तळाचंही घेणे, फक्त वरचं नाही

पेण-अलिबागकडे शेततळ्यात जिताडा पाळणाऱ्यांना वाटतं, हा मासा गोड्यात जगतो, खाऱ्यात जगतो, आपल्याला काय. क्षारता तो सोसतो, घाण नाही सोसत. पावसात खाडीतून जिताड्याचं बी धरून थेट मोठ्या तळ्यात सोडू नका. आठ-दहा दिवस वेगळ्या टाकीत ठेवा, कल्ले लाल आहेत, अंगावर चिकटा नाही, हे बघून मगच सोडा. आणि त्या पंधरवड्यात खाडीतल्या तिसऱ्या, कालवं घरी शिजवू नका. ती पाणी गाळूनच पोट भरतात, खाडीत जे आलं ते त्यांच्या पोटात आहे.

मरतूक झालीच तर

आधी बघा, मेलं कसं. पहाटे, मोठे आधी आणि लहान नंतर, तोंड वर करून, तर ऑक्सिजन संपला. रोज थोडे, आकडा वाढत, एकाच जातीचे, तर बहुधा रोग. लहान-मोठे, कोळंबी-मासे-चिंबोऱ्या सगळे एकाच प्रहरात, तर विष. फक्त कोळंबी आणि चिंबोऱ्या गेल्या, मासे धडधाकट, तर कीटकनाशकाचा संशय धरा. हा फरक पहिल्या दोन तासांतच दिसतो, दुपारी सगळं सारखंच सडलेलं असतं.

विषाचा संशय आला तर उघाडी ताबडतोब बंद, एरेटर चालू, खाद्य बंद. तलावाचं पाणी खाडीत सोडून देऊ नका, खाली दुसऱ्याचा तलाव आहे. मेलेला माल चुना टाकून पुरा, विकू नका, कुत्र्या-कावळ्यांनाही मिळू देऊ नका.

आणि नमुना घ्या. इथेच बहुतेक जण चुकतात, तक्रार करतात पण दोन दिवसांनी, तोवर दोन-चार भरत्या येऊन गेलेल्या असतात. स्वच्छ बाटल्या घरात आधीपासून ठेवा. उघाडीबाहेरचं आणि तलावातलं पाणी दोन-दोन लिटर, काठोकाठ, वर हवा न ठेवता. मरणाला टेकलेल्या, पण अजून जिवंत अशा आठ-दहा कोळंब्या पिशवीत घालून बर्फावर ठेवा. फ्रीजरमध्ये नको, गोठल्या की कल्ल्यांची तपासणी नीट होत नाही. फोटो काढा, पोलीस पाटील किंवा सरपंचांसमोर पंचनामा करून घ्या. मग मत्स्यव्यवसाय विभाग आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. रोगाची शंका असेल तर रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, जागा आणि भरती होती की ओहोटी हे पेन्सिलनं लिहून चिकटवा. शाई बर्फाच्या पाण्यात पुसून जाते.