चाकाचं बेअरिंग घरी बदलायचंय? पहिला नट सोडण्याआधीची तयारी

बेअरिंग म्हणजे चाक मोकळं फिरू देणारं, आत गोळ्या असलेलं कडं; ते झिजलं की चाकातून घुमल्यासारखा आवाज येतो. आधी तो आवाज नक्की कशाचा आहे ते ठरवा. पुणे-बंगळूर हायवेवर बेळगाव मागे टाकून गुळगुळीत पट्टा लागला, की 60-70 च्या वेगात कान देऊन ऐका. वेगाबरोबर वाढणारं घुमणं गाडी न्यूट्रल केल्यावरही तसंच राहिलं, तर ते इंजिनाचं नव्हे. उजवीकडच्या वळणावर वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा घुमणं वाढलं तर संशय डाव्या बाजूवर घ्यायचा. झिजलेला टायरही असाच घुमतो, म्हणून पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज टायरबरोबर सरकला तर बेअरिंगचा खर्च वाचला. मग चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. खेळ (ढिलाई) जाणवला, की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंगच. तरीही राहिला तर आधी बॉल जॉइंट (चाकाच्या आधाराचा फिरता सांधा) तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: तुमच्या गाडीत बेअरिंग कुठल्या प्रकारचं आहे? बोल्टवर बसणारं, हबसकट (चाक ज्यावर बसतं त्या भागासकट) अख्खं बदलायचं युनिट असेल, तर नवशिक्यालाही अंगणात जमतं. पण आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये (हब आणि बेअरिंग धरून ठेवणाऱ्या धातूच्या भागात) दाबून बसवलेलं असतं. ते हातोड्याने ठोकून बसवायचा विचारही करू नका. ठोक्याने आतल्या गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत घुमायला लागतं. त्याला हायड्रॉलिक प्रेसच हवा, आणि त्या बाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप एकाला लागून एक आहेत. नकल घरी उतरवा आणि प्रेस तिथे मारून घ्या. मात्र आधी जाऊन विचारून या, कुठल्या दिवशी, किती वाजता येऊ. खानापूर, चिकोडी किंवा अथणीकडून येणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय गाडी खोलूच नये. आणि तुमची गाडी जॅक स्टँडवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी तिवईवर) असणार, म्हणजे नकल न्यायला शेजाऱ्याची दुचाकी सांगून ठेवायला हवी.

प्रेसवाल्यासमोर उभे राहा आणि दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर हवा. हब आत दाबताना आतल्या रिंगला खालून आधार हवा. हे उलटं झालं, की नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या) गाडीत बेअरिंगच्या एका बाजूला बहुधा चुंबकीय रिंग असते. ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूला यायला हवी. तिला चुंबकाजवळ किंवा लोखंडी किसात ठेवू नका.

सामान घेताना गाडीचं मॉडेल, साल आणि चेसिस नंबर घेऊन दुकानात जा. बेअरिंगबरोबर सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडवणारी स्प्रिंगची कडी) आणि एक्सलचा नट (चाकाच्या मधोमधचा मोठा नट) नवाच घ्या. कड ठोकून लॉक केलेला नट पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. स्वस्तातलं बेअरिंग नको, कारण पुन्हा खोलायची मेहनत तुमचीच असते.

हत्यारांत एक्सलच्या नटाचा योग्य मापाचा सॉकेट, लांब दांडा, सर्क्लिप पक्कड, बॉल जॉइंट सोडवायचा पुलर, तारेचा ब्रश आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) लागेल. टॉर्कचा आकडा फक्त तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. कॅलिपर (डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग) टांगायला जाड तार ठेवा. तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळता कामा नये. पावसाळ्यात चोर्ल्याच्या घाटातून किंवा खानापूरच्या तांबड्या चिखलातून फिरलेल्या गाडीचे बोल्ट गंजून बसलेले असतात, तेव्हा आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ब्रेकच्या डिस्कवर मात्र एक थेंबही जाऊ देऊ नका.

जागा सपाट आणि टणक हवी. अंगणात बांधकामाचे चिरे पडलेले असतातच, पण चिरा गाडीखाली आधाराला घेऊ नका. तो वजनाखाली अचानक फुटतो. जॅकने फक्त उचलायचं, वजन स्टँडवर द्यायचं आणि उरलेल्या चाकांना दोन्हीकडून अडण लावायची. एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच, हँडब्रेक लावून सैल करा, कारण त्याला लागणारा जोर स्टँडवरच्या गाडीवर लावणं धोक्याचं आहे. स्ट्रटचे (नकलला वरून धरणाऱ्या शॉक अॅब्सॉर्बरचे) बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर खूण करा आणि अलाइनमेंटचे पैसे धरून ठेवा.

मदतीला एक माणूस शेवटपर्यंत लागतो. नवा नट पूर्ण आवळेपर्यंत चाकावर वजन येऊ द्यायचं नाही, म्हणून आवळताना आत बसून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत त्यालाच दाबायला सांगा, आणि 50-100 किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.