केबलच्या नावानं शंख करण्याआधी

लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि चित्र धड आलं नाही, की लोक थेट ठाण्यातला गोखले रोड गाठतात नवी एचडीएमआय केबल आणायला. नौपाड्यात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे केबल खपली तर माझा फायदाच. तरी सांगतो, आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ टीव्हीच्या सेटिंगमध्येच निघतं.

'नो सिग्नल' दिसत असेल तर केबल टीव्हीच्या ज्या खोबणीत आहे, तोच नंबर सोर्समध्ये निवडलाय का ते बघा. मग लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' घ्या. एवढ्यावर बरेच जण सुटतात.

खरी डोकेदुखी म्हणजे कडा कापल्या जाणं. पाचपाखाडीतल्या एका सोसायटीच्या सभेत थकबाकीची यादी टीव्हीवर लावली होती. डावीकडचा भाग पडद्याबाहेर गेलेला, त्यामुळे ए-३०२ आणि ए-७०२ दोघेही नुसते '०२'. रक्कम दिसतेय, पण ती कोणाची ते कळत नाही! काही सभासदांना ही सोय फारच आवडली. खाली टास्कबार गायब, वर खिडकी बंद करायची फुलीही गायब.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा नीट यायच्या नाहीत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा झाकत. पिक्चर ट्यूब गेली, खोड राहिली. उपाय टीव्हीच्या पिक्चर मेनूत, आस्पेक्ट रेशो किंवा पिक्चर साइजखाली असतो. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन', सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत 'फुल पिक्सेल'. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमधून चित्र आक्रसून बसवू नका. कडा दिसतात, पण अक्षरं फिसकटतात.

अक्षरांवरून आठवलं. सिनेमा झकास दिसतो आणि एक्सेलमधली लाल अक्षरं मात्र पाण्यात भिजल्यासारखी, असं असेल तर टीव्ही रंगांचा तपशील कमी करून दाखवतोय. इनपुटच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआयचं नाव किंवा चिन्ह 'पीसी' करा. एलजी, सॅमसंगमध्ये हे हमखास चालतं. शार्पनेसही अगदी खाली आणा. दुकानात टीव्ही उठून दिसावा म्हणून तो चढवलेला असतो, अक्षरांभोवती पांढरी किनार त्यामुळेच येते.

मग रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं ते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये वरच्या चौकटींत टीव्ही वेगळा दिसत असेल तर तो निवडा आणि 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा. साधा फुल एचडी टीव्ही असेल तर १९२० बाय १०८०. अक्षरं बारीक वाटली तर रिझोल्यूशनला हात न लावता 'स्केल' १५० टक्के करा, सोफ्यावरून नीट वाचता येतं.

फोर-के टीव्हीवर माउसचा बाण रखडत चालतो का? जुन्या लॅपटॉपचं पोर्ट एचडीएमआय १.४ चं असेल तर ते फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतं. ६० साठी पोर्ट २.० चं लागतं, आणि ते केबल बदलून मिळत नाही. सरळ १०८० वर ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, ठेवा. पोर्ट नवं असूनही अडत असेल तर टीव्हीत त्या इनपुटचं 'डीप कलर' किंवा 'एन्हान्स्ड फॉरमॅट' चालू करा. केबलचा संशय घ्यायचा तो यानंतर.

चित्र आलं आणि आवाज मूग गिळून बसला, तर टास्कबारवरच्या स्पीकरमधून आउटपुट म्हणून टीव्ही निवडा.

टाइप-सीवाल्यांनो, तुमचं प्रत्येक पोर्ट चित्र पाठवत नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. पोर्टशेजारी थंडरबोल्टचं (बाणाचं टोक असलेली वीज) किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर दुकानात येताना लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहून आणा, अडॅप्टर त्यानंतर काढू.