गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या गाडीचा क्लच कसा तपासावा

'क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल' हा निकाल ऐकण्याआधी पाऊण तास स्वतः तपासणी करावी. प्लेट, केबल आणि बेअरिंग यांचे बिघाड वरवर सारखेच वाटतात, खर्चात मात्र मोठा फरक असतो. इथे मारुती 800 समोर धरली आहे. 1983 ते 2014 या काळात बनलेली ही गाडी, क्लच केबलवर चालणारा. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये काय वेगळे, ते पुढे येईल.

सुरुवात पेडलपासून करा. इंजिन बंद ठेवून पेडल हाताने हळूच दाबा. आधी थोडे अंतर ते मोकळे जाते, मग एकदम जड लागते. हे मोकळे अंतर म्हणजे फ्री प्ले. पट्टी लावून मोजा. केबलच्या छोट्या गाड्यांत ते 15 ते 25 मिमीच्या आसपास असते. आपल्या मॉडेलचा आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा आणि मोजलेला लिहून ठेवा, कारण खरी माहिती तो कोणत्या बाजूला सरकतो यात आहे.

प्लेटचे फेसिंग (तिच्यावरचा घर्षणाचा थर) झिजले की प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी चकती) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या दिशेने सरकते आणि डायफ्रॅमची (दाब देणाऱ्या चपट्या स्प्रिंगची) बोटे उलट बाजूला, पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या बेअरिंगकडे येतात. त्यामुळे फ्री प्ले कमी होतो आणि क्लच पेडलच्या वरच्या टप्प्यात लागू लागतो. केबल ताणली किंवा तिचे तार तुटू लागले तर उलटे होते: फ्री प्ले वाढतो, क्लच अगदी तळाशी लागतो आणि गिअर पडताना खर्र करतो. थोडक्यात, वर सरकला तर प्लेटचा संशय घ्या, खाली सरकला तर केबलचा.

फ्री प्ले शून्यावर आला असेल तर प्लेट चांगली असूनही क्लच घसरतो, कारण बेअरिंग बोटांवर सतत दाबलेले राहते. म्हणून आधी बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरपाशी केबलच्या टोकाचा नट पाहा. नट आवळला की फ्री प्ले कमी होतो, सैल केला की वाढतो. सेटिंग करून पुन्हा चालवून बघा. नटाला सरकायला आटेच उरले नसतील, तर प्लेट किंवा केबल यांपैकी एक संपली आहे.

केबल तपासताना दोन्ही टोके नीट पाहा. तार तिथेच आधी उसवते. पेडल जड झाले असेल तर केबल लिव्हरपासून सोडवून हाताने ओढा. तीच अडखळत असेल तर प्रेशर प्लेटला दोष देऊ नका. जुन्या, गंजलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट: दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून केबल जिथून आत जाते तो पत्रा बघा. तो वाकत असेल किंवा त्याला चीर गेली असेल, तर पेडलची निम्मी चाल तिथेच वाया जाते. आणि नव्या केबलाही वरचेवर जळून जात असतील तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी तपासा. ती तुटली की स्टार्टरचा करंट क्लच केबलमधून वाट काढतो. हे कारण फार कमी जण शोधतात.

घसरणे ओळखण्यासाठी अनेकजण ब्रेक दाबून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडतात आणि इंजिन बंद पडले की क्लच ठीक समजतात. ही चाचणी अपुरी आहे. पार संपलेला क्लचच तिथे नापास होतो. रिकाम्या, थोड्या चढाच्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी 40 किमीवर या आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय. आवाजही चढत नसेल आणि गाडी नुसतीच मंद असेल, तर क्लच सोडून इंजिनकडे बघा. ही चाचणी एकदा-दोनदाच करा; घसरणारी प्लेट काही सेकंदांत तापते आणि फ्लायव्हीलही खराब करते.

गिअर अडत असतील तर आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. तेव्हाही जड जात असतील तर दोष गिअर लिंकेजमध्ये (गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत) किंवा गिअरबॉक्समध्ये आहे. फक्त चालू इंजिनवर अडत असतील तर क्लच पूर्ण सुटत नाही. खात्री करायला क्लच तळापर्यंत दाबा, पाच-सात सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सहसा सिंक्रोमेश (गिअर पडताना वेग जुळवणारी यंत्रणा) नसते, त्यामुळे प्लेट थोडी जरी फिरत असली तरी ते खरखरून सांगते. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटू शकते. तिथे केबल कितीही आवळा, उपयोग नाही.

आवाजाचा निवाडा सर्वांत सोपा. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन आयडलवर. पाय पेडलवर नुसता टेकवताच घरघर सुरू झाली तर क्लच बेअरिंग. पाय काढल्यावर आवाज आणि पेडल दाबताच शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग. क्लच सेट बदलून ते जाणार नाही.

गाडी सुटताना थरथरत असेल तर आधी इंजिन माउंटिंगचे रबर बघा, ते स्वस्त आहे. रबर ठीक असेल तर प्लेटवर तेल आल्याचा संशय. क्लच हाउसिंगच्या तळाशी ओल दिसते का पाहा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो आला तर इनपुट शाफ्टचे सील, नाहीतर क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) मागचे सील. तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन चालत नाही, आणि सील न बदलता नवी बसवली तर तिचीही तीच गत.

हायड्रॉलिक क्लचमध्ये झीज आपोआप भरून निघते, म्हणून पेडलच्या उंचीवरून प्लेटचा अंदाज येत नाही. तिथे फ्लुइडच्या टाकीतली पातळी बघा, पेडलच्या वर मास्टर सिलिंडरपाशी (पेडल दाबल्यावर फ्लुइड ढकलणारा) ओल बघा, स्लेव्ह सिलिंडरचे (त्या दाबाने क्लच लिव्हर हलवणारा) रबरी टोपण उचलून आत बघा. दोन-तीनदा पेडल मारल्यावर गिअर पडत असेल तर सिस्टिममध्ये हवा आहे किंवा मास्टरची रबरे गेली आहेत. टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच ब्रेक फ्लुइड घाला, इंजिन ऑइलने रबरे फुगतात. फ्लुइड रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदला. मजुरी एकदाच लागते. जुन्या प्लेटवर रिव्हेटची डोकी फेसिंगपासून अर्ध्या मिमीपेक्षा कमी खोल असतील तर ती संपली. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा आहेत का बघा. आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या फेसिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या, प्लेट जिथे बसते त्या खाचांना) ग्रीस अगदी थोडे लावून जास्तीचे पुसून टाका, नाहीतर तेच उडून नव्या प्लेटवर जाते.