परसातलं काम पाण्यापासून सुरू करा

पहिल्या वेळी मी परसात आधी फरशी बसवून घेतली. दिसायला देखणी झाली, पण पहिल्याच मोठ्या पावसात पाणी घराकडे वळलं आणि मागच्या भिंतीला वीतभर ओल चढली. उतार उलटा पडला होता. अर्धी फरशी उखडून काम पुन्हा करावं लागलं. म्हणून सांगते, झाडं, बाक, दिवे सगळं नंतर. आधी पाणी.

भर पावसात छत्री घेऊन परसात उभे राहा. पन्हळीचं पाणी कुठे पडतं, कुठून वाहतं, कुठे साचतं ते कागदावर काढा. सकाळ-दुपार-संध्याकाळची सावलीही त्यावरच आखा.

मग माती तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. आता एक काठी रोवून बघा. तासाला अडीच ते पाच सेंटिमीटर पाणी उतरलं, तर निचरा चांगला. एक सेंटिमीटरही उतरलं नाही, तर तिथे वाफे जमिनीपेक्षा उंच बांधा.

उतारासाठी गवंड्याची लेव्हल ट्यूब पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा. आत बुडबुडा राहिला तर माप फसतं, म्हणून नळी बोटाने टिचक्या मारत बघा. एक टोक भिंतीवरच्या खुणेशी धरा, दुसरं पाच मीटरवरच्या खुंटीशी, आणि भिंतीकडचं पाणी बरोबर खुणेवर येऊ द्या. खुंटीवर पाणी थांबेल तिथून १० सेंटिमीटर खाली खूण करा आणि भिंतीच्या खुणेपासून तिथवर दोरी ताणा. पन्नासाला एक, हाच फरशीचा उतार.

वाट आखताना नुसती दोरी टाकून चार दिवस त्यावरून चाला. पाय आपोआप जिथून वळतात, वाट तिथूनच हवी. एका माणसाला ९० सेंटिमीटर रुंदी पुरते, दोघांना १२० तरी लागते.

वीतभर माती काढा. मुरूम-खडीचे पाच-पाच सेंटिमीटरचे दोन थर द्या, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोका. इथे घाई केली की फरशी खचते. वर तीन सेंटिमीटर वाळू, मग फरशी. त्याआधी वाटेखालून एक रिकामा पाइप तोंडं बंद करून आडवा टाका. पुढे पाण्याची नळी किंवा वायर न्यायला फोडाफोड नको. सांधे भरण्याआधी भिंतीशी बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा.

झाडं शेवटी. पूर्ण वाढल्यावर झाड किती पसरेल ते विचारून घ्या आणि त्याच्या निम्म्याहून जास्त अंतर भिंतीपासून सोडा. बुंधा जिथे रुंदावून मुळांकडे वळतो, तो भाग मातीत गाडू नका. भोवती पालापाचोळ्याचा पाच-सात सेंटिमीटर थर द्या, पण बुंध्यापासून चार बोटं दूर. चिकटला तर साल कुजते.