मजुरी अंधार पडायच्या आत कशी द्यावी

आमचं चर्च शरणपूरला आणि द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात, तीन एकर. रविवारचा उपदेश सोमवारी कुठे लावायचा, असं तरुण मंडळी विचारतात. मी म्हणते, मजुरीच्या वहीपासून लागा. बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकात 24:14-15 मध्ये स्पष्ट आहे: गरीब मजुराचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायचे, कारण त्याचा जीव त्यांच्यावर असतो.

घडांच्या विरळणीला, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. काम रोजाने असो की एकरी उक्तं, दर आधी ठरवा आणि सगळ्यांच्या देखत सांगा, नुसता मुकादमाला नको. उचल दिली तर तारखेसकट लिहा आणि वही वाचून दाखवा.

खरी अडचण सुट्ट्या पैशांची. चौघींत मिळून पाचशेच्या नोटा दिल्या की वाटणी मुकादमाच्या हातात जाते. म्हणून बँकेतून शंभराच्या, पन्नासाच्या नोटा आदल्या दिवशीच आणा. मी दुपारी रबर लावून गड्ड्या करते आणि नाव घेऊन जिची तिच्या हातात देते.

एका वर्षी व्यापाऱ्याने पैसे थकवले आणि मी टोळीला ‘परवा या’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई आली. कडेवर तापलेलं पोर, पायात काळा दोरा, छाती भात्यासारखी हलत होती. ती काही बोलली नाही, ओट्यावर बसून राहिली. तिचं देणं माझ्याकडे होतं आणि औषधाला तिच्याकडे काही नव्हतं. बायबलमध्ये याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की अडकवलेली मजुरी ओरडते. त्या दिवशी मी ती ऐकली. तेव्हापासून छाटणीआधीच आठवड्याची मजुरी डब्यात वेगळी काढते. व्यापाऱ्याचा पैसा येवो न येवो. हा डबा तुम्हीही करा, बाकी सगळं नंतर.

तोडणीत गळालेले घड वेचून नेऊ द्या. बायबलमधलं लेवीय 19:10 तर द्राक्षमळ्याचंच नाव घेऊन ते गरिबांसाठी, परक्यांसाठी सोडायला सांगतो. माझ्या भावाला त्यांत बेदाण्याचा भाव दिसतो, पण दरवर्षी शेवटी तो मान्य करतो.

पैसे देताना प्रार्थना नको, धर्माचं पत्रकही नको. ती त्यांच्या घामाची रक्कम आहे, देवाचं नाव जोडलं की उपकार वाटू लागतो. कुणी आपणहून विचारलं, तर चहा टाका आणि निवांत बोला.